युद्धोत्तर घराचा पटकथाकार : ग. दि. माडगूळकर

१. प्रास्ताविक

गजानन दिगंबर माडगूळकर हे नाव उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात प्रथम गीतकार उभा राहतो. 'गीतरामायणा'ला लाभलेली लोकप्रियता एवढी सर्वव्यापी ठरली की तिच्या तेजात त्यांच्या लेखनाचा दुसरा मोठा विभाग झाकोळून गेला. हा विभाग म्हणजे चित्रपटांसाठी त्यांनी लिहिलेल्या कथा, पटकथा आणि संवाद. गीतलेखन धरून दीडशेच्या आसपास मराठी आणि वीसहून अधिक हिंदी चित्रपटांशी त्यांचा लेखक म्हणून संबंध आला. तरीही वाङ्मयेतिहासात या लेखनाची नोंद बहुधा एखाद्या वाक्यात उरकली जाते.

या उपेक्षेची कारणे उघड आहेत. पटकथा पडद्यावर उतरली की तिचे लिखित रूप निरुपयोगी समजले जाते. ती संग्रहात येत नाही, अभ्यासक्रमात येत नाही आणि समीक्षकाच्या मेजावरही क्वचितच येते. चित्रपटगीते ध्वनिमुद्रिकांमुळे व पुस्तकांमुळे टिकली. पटकथांना मात्र 'तीन चित्रकथा'सारख्या एखाद्या पुस्तकाचाच आधार मिळाला. शिवाय चित्रपट ही अनेकांच्या श्रमातून सिद्ध होणारी कला असल्यामुळे तिच्यातील लेखकाचा वाटा वेगळा काढणे कठीण असते. असे असले तरी १९४७ ते १९६१ या काळातील माडगूळकरांच्या प्रमुख पटकथा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. दिग्दर्शक बदलतात, विषय बदलतात, विनोदी आणि गंभीर असा प्रकृतिभेदही दिसतो. परंतु कथेचे केंद्र बहुधा एकच राहते. ते केंद्र म्हणजे घर. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या महाराष्ट्रात गावातून उखडले गेलेले, महागाईने गांजलेले, नव्या नागरिकत्वाच्या उंबरठ्यावर उभे असलेले घर. त्या घराला सावरणारे बळ कोणते आणि ते कोठे अपुरे पडते, हा माडगूळकरांच्या पटकथालेखनामागील मुख्य प्रश्न आहे.

२. माणदेश, औंध आणि कुंडल

माडगूळकरांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी तत्कालीन सातारा भागातील शेटफळे या आजोळच्या गावी झाला. मूळ गाव माडगूळ; औंध संस्थानच्या आटपाडी महालातील. हा सारा माणदेशाचा मुलूख. पर्जन्यछायेतील, बाजरीवर जगणारा, दर काही वर्षांनी दुष्काळाला सामोरा जाणारा. पाऊस पडला नाही की येथील माणसे घराला कुलूप घालून किंवा म्हाताऱ्यांना मागे ठेवून बाहेर पडत. या बाहेर पडण्याला तिकडच्या बोलीत जगायला जाणे असा शब्दप्रयोग आहे. कुटुंबाची ताटातूट ही माणदेशात अपवादात्मक घटना नव्हती. ती ऋतुचक्राचाच एक भाग होती. पुढे माडगूळकरांच्या पटकथांत ताटातूट हे सूत्र पुनःपुन्हा येते, त्याची पाळेमुळे या भूमीत शोधावी लागतात.

वडील दिगंबरपंत हे औंध संस्थानच्या नोकरीत साधे कारकून होते. तुटपुंजा पगार, वाढता संसार आणि बदल्यांमुळे होणारी गावांची अदलाबदल यांत बालपण गेले. आई बनूताईंच्या तोंडी ओव्या व जुन्या गाण्यांचे भांडार होते. शिक्षण आटपाडी, कुंडल आणि औंध येथे झाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार, रामकथेचे चित्रमय निरूपण करणारे आणि स्वतः कीर्तनाला उभे राहणारे राजे होते. कीर्तन, मेळे, गोंधळ, तमाशा आणि भजन यांनी गजबजलेल्या या वातावरणात कथा सांगण्याची एक देशी पद्धती माडगूळकरांच्या अंगवळणी पडली. पूर्वरंगात तत्त्व मांडावे, उत्तररंगात आख्यान लावून त्याची प्रचिती द्यावी, मध्ये विनोदाने श्रोत्याला सैल करावे आणि नेमक्या क्षणी त्याच्या डोळ्यांत पाणी उभे करावे, ही कीर्तनकाराची रीत त्यांच्या पटकथांच्या बांधणीत अखेरपर्यंत दिसते.

गणिताने दगा दिल्यामुळे मॅट्रिकची परीक्षा हातची गेली. थोरला मुलगा म्हणून घराला हातभार लावणे भाग होते. चित्रपटसृष्टीकडे त्यांचे पाऊल वळले ते कलेच्या ओढीबरोबरच या गरजेपोटीही. १९३८ च्या सुमारास ते कोल्हापुरात हंस पिक्चर्समध्ये दाखल झाले आणि आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या, मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या 'ब्रह्मचारी' या चित्रपटात त्यांनी लहानशी भूमिका केली. त्या काळी चित्रपटसंस्थेतील उमेदवाराला वेगळे असे काम नसे. नकला करणे, संवाद उतरवून घेणे, पडेल ती भूमिका करणे हे सारे एकाच पगारात येई. नवयुग संस्थेत के. नारायण काळे यांच्या हाताखाली काम करताना चित्रपटाची रचना कशी करतात याचे शिक्षण त्यांना मिळाले. अत्रे यांचा विनोद, वि. स. खांडेकर यांची ध्येयवादी सामाजिक कथा आणि काळे यांची काटेकोर शिस्त असे तीन आदर्श त्यांच्या उमेदवारीच्या काळात कोल्हापूर-पुण्याच्या चित्रपटविश्वात होते. माडगूळकरांनी तिघांपासून घेतले. पण आपल्या मालाचा कस त्यांनी माणदेशातूनच आणला.

३. युद्धकाळ

दुसरे महायुद्ध महाराष्ट्राच्या भूमीवर लढले गेले नाही. मात्र त्याची झळ प्रत्येक चुलीपर्यंत पोहोचली. सातारा भाग हा सैन्यभरतीचा जुना आगर. तेथील खेड्यांतून तरुण मुलगे पलटणीत गेले. धान्याची टंचाई झाली, शहरांत शिधावाटप सुरू झाले, काळ्या बाजाराने नवा श्रीमंत वर्ग निर्माण केला. त्याच वेळी १९४२ च्या आंदोलनाने याच भागात वेगळे वळण घेतले. नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले आणि माडगूळकरांचे विद्यार्थिदशेतील कुंडल हे त्या चळवळीचे प्रमुख केंद्र बनले. चळवळीसाठी माडगूळकरांनी पोवाडे रचले. धाकटे बंधू व्यंकटेश यांनी तर शाळकरी वयातच आंदोलनात उडी घेतली. म्हणजे एकाच भागातून एक तरुण सरकारच्या पलटणीत जात होता आणि दुसरा त्याच सरकारविरुद्ध भूमिगत होत होता. गावातील घर एकाच वेळी दोन्हींकडून रिकामे होत होते.

चित्रपटव्यवसायाचीही उलथापालथ झाली. कच्ची फिल्म परदेशातून येई. युद्धामुळे तिचा तुटवडा पडला, चित्रपटांच्या लांबीवर मर्यादा आली आणि परवान्यावाचून चित्रपट काढणे अशक्य झाले. परवाना ज्याच्या हाती तो निर्माता अधिक मोठ्या बाजारपेठेच्या हिंदी भाषेकडे वळला. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत मराठी बोलपटांची संख्या अगदी रोडावली. 'प्रभात'मधून व्ही. शांताराम बाहेर पडले होते आणि त्यांनी १९४२ मध्ये मुंबईत राजकमल कलामंदिराची स्थापना केली होती. मास्टर विनायक १९४७ मध्ये निवर्तले. अशा पडत्या काळात माडगूळकरांचे गीतकार म्हणून पदार्पण झाले, ते १९४२ च्या 'पहिला पाळणा' आणि 'भक्त दामाजी' या चित्रपटांतून. दुष्काळात राजाची कोठारे गोरगरिबांसाठी खुली करणाऱ्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा धान्यटंचाईच्या काळात प्रेक्षकांसमोर यावी, हा योगायोग अर्थपूर्ण होता. १९४४ मध्ये त्यांनी 'युद्धाच्या सावल्या' हे नाटक लिहिले. या नाटकाचे नावच पुढील पंधरा वर्षांच्या चित्रपटलेखनाला शीर्षक म्हणून शोभावे असे आहे. युद्ध संपले तरी त्याच्या सावल्या घरातून हलल्या नव्हत्या.

४. फड आणि घर

१९४७ मधील 'रामजोशी' या राजकमलच्या चित्रपटाने मराठी बोलपटाला पुन्हा उभारी दिली. कथा, पटकथा, संवाद आणि पदे माडगूळकरांची. बाबूराव पेंटर आणि शांताराम यांचे दिग्दर्शन. वसंत देसाई यांचे संगीत. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या प्रमुख भूमिका. पेशवाईच्या उत्तरकाळातील सोलापूरच्या शाहिराचे हे चरित्र लावणी-पोवाड्यांच्या रंगतीमुळे गाजले, हे खरेच. पण त्याचा गाभा कौटुंबिक आहे. पुराणिक घराण्यात जन्मलेला धाकटा भाऊ तमाशाच्या फडात जातो आणि घराचे दार त्याला बंद होते. विद्या आणि कला, सोवळे आणि ओवळे, वाडा आणि फड यांतील हा संघर्ष माडगूळकरांनी उंबरठ्यावर आणून सोडवला. चित्रपटानंतर ग्रामीण तमाशाला मराठी पडद्यावर जी प्रतिष्ठा मिळाली, तिचा परिणाम पुढील दोन दशकांच्या तमाशापटांत दिसतो. या परंपरेतील सर्वांत यशस्वी ठरलेल्या 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटाची पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची आणि गीते थोरल्या बंधूंची असावीत, यातही एक सातत्य आहे.

'रामजोशी'नंतर लगेच १९४८ मध्ये राम गबाले यांनी दिग्दर्शित केलेला 'वंदे मातरम्' आला. पु. ल. देशपांडे आणि सुनीता देशपांडे यांच्या भूमिका व सुधीर फडके यांचे संगीत लाभलेल्या या चित्रपटाला १९४२ च्या लढ्याची पार्श्वभूमी होती. स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटले नव्हते. लढ्याचा गौरव करण्याचा मोह अशा वेळी अनावर होतो. परंतु लढ्यात उतरणाऱ्याच्या पाठीमागे जे घर राहते, त्याची काळजी माडगूळकरांच्या लेखनातून सुटली नाही.

१९५० च्या 'पुढचं पाऊल'पासून दिग्दर्शक राजा परांजपे, संगीतकार सुधीर फडके आणि माडगूळकर या त्रयीचा कालखंड बहरला. पु. ल. देशपांडे आणि हंसा वाडकर यांनी रंगवलेल्या या चित्रपटात ग्रामीण कलेचे जग पुन्हा आले आणि दामाजीसाठी महार होऊन धान्याची भरपाई करणाऱ्या विठ्ठलाची कथाही गीतरूपाने आली. भक्तिकथा येथे देवळात राहत नाही. सामाजिक चित्रपटाच्या मध्यावर ती उभी राहते. अभिजनांच्या समीक्षेला हे ओबडधोबड वाटले असेल, परंतु ज्या प्रेक्षकाला कीर्तन ठाऊक होते त्याला ही जोडणी स्वाभाविक वाटली. शहरातील नव्या थिएटरात बसलेला हा प्रेक्षक एका पिढीपूर्वी गावच्या चावडीसमोर मांडी घालून बसलेलाच होता.

५. पैसा, हसू आणि वृद्धत्व

युद्धोत्तर समाजात पैशाचे मूल्य आणि पैशावरचा विश्वास दोन्ही डळमळले. १९५२ च्या 'लाखाची गोष्ट'ची कल्पना या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. ठराविक मुदतीत एक लाख रुपये खर्चून दाखवण्याची अट निर्धन तरुणांपुढे येते आणि खर्च करू म्हटले तरी पैसा संपत नाही. वरवर पाहता ही हलकीफुलकी प्रहसनात्मक रचना आहे. पण शिधापत्रिकेवर धान्य मोजून घेणाऱ्या प्रेक्षकाला, लाख रुपये संपवणे ही अडचण ठरते हा उलटा तर्कच हसवून गेला. त्या हसण्यात एक प्रकारची सूडभावनाही होती. त्याच वर्षीच्या 'पेडगावचे शहाणे' या चित्रपटात शहाणपण आणि वेड यांची अदलाबदल करून घरातील स्वार्थाचा बुरखा फाडलेला आहे. विनोदाचा रोख येथेही घराकडेच आहे. शहाणी म्हणवणारी माणसे एका छताखाली राहून परस्परांना पारखी होतात, हे वेड्याच्या डोळ्यांनी दाखवले जाते.

मात्र या काळातील त्यांची सर्वांत खोल कौटुंबिक पटकथा म्हणजे १९५४ चा 'ऊन पाऊस'. आयुष्यभर मुले घडवलेला शिक्षक सेवानिवृत्त होतो. स्वतःची मुले हाताशी आली असताना म्हातारा आणि म्हातारी यांना एकत्र ठेवण्याइतकी जागा कोणाच्याच घरात उरत नाही, आणि दोघांची वाटणी होते. राजा परांजपे यांनी स्वतः शिक्षकाची भूमिका केली आणि सुमती गुप्ते यांनी त्याच्या पत्नीची. चित्रपटात खलनायक नाही. मुले दुष्ट नाहीत. ती पगारावर, भाड्याच्या जागेत आणि आपापल्या संसारात अडकलेली आहेत. एकत्र कुटुंब मोडते ते कोणाच्या पापामुळे नव्हे, अर्थव्यवस्थेच्या दाबामुळे. परंतु तुटण्याचे दुःख मात्र दोन म्हाताऱ्या जिवांना भोगावे लागते. माणदेशात दुष्काळ पडला की माणसे जगायला जात आणि वृद्ध मागे राहत. 'ऊन पाऊस'मध्ये दुष्काळ नाही, तरी तीच घटना मध्यमवर्गीय शहरी घरात घडते. गावाचा अनुभव शहराला लावून पाहण्याची ही शक्ती माडगूळकरांची खास होती.

शिक्षकाची निवडही हेतुपूर्ण आहे. युद्धपूर्व काळात पंतोजीला गावात मान होता आणि पगार नव्हता. युद्धोत्तर काळात पगार थोडा वाढला, महागाईने तो खाल्ला आणि मान कमी झाला. ज्याने समाजाची मुले वाढवली त्याला समाज अखेरीस काय देतो, या प्रश्नाचे उत्तर पटकथेने भाषणातून दिले नाही. प्रेक्षकाला आपल्याच घरी परतल्यावर ते द्यावे लागले. या चित्रपटानंतर काही महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले आणि ५६ गीतांत राजवाड्यातील ताटातूट सांगितली गेली. दोन्हींतील करुणेचा झरा एकच आहे. पुत्रवियोगाने खचणारा दशरथ आणि पत्नीपासून दूर गेलेला वृद्ध मास्तर हे एकाच लेखणीतून, जवळजवळ एकाच काळात उतरले.

६. विश्वासाचा प्रयोग

१९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा हिंदी चित्रपट शांताराम यांच्या नावाने जगभर ओळखला जातो. बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदकही त्याला मिळाले. त्याची कथा माडगूळकरांची आहे आणि तिचे बीज त्यांच्याच आटपाडी महालातील आहे. औंध संस्थानने १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसवण्यात आली. तेथे भिंती नव्हत्या, बेड्या नव्हत्या; शिक्षा भोगणारे कैदी शेती करीत आणि त्यांच्या कुटुंबीयांनाही तेथे राहता येई.

पटकथेत सहा खुनी कैद्यांना घेऊन एक जेलर ओसाड माळावर जातो आणि केवळ विश्वासाच्या बळावर त्यांना माणसांत आणतो. नापीक जमीन, पाण्याची वाट, पिकलेला भाजीपाला, बाजारात रास्त भावाने विकण्याचा आग्रह आणि त्यामुळे चिडलेले दलाल, हा सगळा तपशील माणदेशाचा शेतकरी आणि युद्धोत्तर बाजारपेठ या दोन्हींच्या ओळखीतून आलेला आहे. येथेही घर आहे. रक्ताचे नाते नसलेली सात माणसे एक कुटुंब बनतात. एका कैद्याची म्हातारी आई आणि पोरे माळावर येतात तेव्हा या कृत्रिम घराला खऱ्या घराचा स्पर्श होतो. 'ऊन पाऊस'मध्ये रक्ताची नाती विश्वास सांभाळू शकत नाहीत. 'दो आँखें बारह हाथ'मध्ये नाते नसलेली माणसे तो सांभाळतात. तीन वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन कथा परस्परांची उत्तरे आहेत. एका प्रयोगशील संस्थानाने केलेल्या धाडसाचे स्मरण, ते संस्थान १९४८ मध्ये विलीन झाल्यावर नऊ वर्षांनी, त्याच्याच एका कारकुनाच्या मुलाने देशासमोर ठेवले, ही बाबही नोंदवण्याजोगी आहे.

७. कुंभाराचे घर

१९६० च्या 'जगाच्या पाठीवर' या चित्रपटात बेकार तरुण आणि अंध मुलगी यांच्या कथेतून शहराच्या रस्त्यावरील निराधारपणा आला. पुढच्या वर्षी 'प्रपंच' आला आणि माडगूळकर पुन्हा गावात परतले. 'आकाशाची फळे' ही त्यांची कादंबरी आणि हा चित्रपट यांचा विषय एकच. मधुकर पाठक यांचे दिग्दर्शन, सुलोचना आणि शाहीर अमर शेख यांच्या भूमिका. नायक ब्राह्मण कारकून नाही, मास्तर नाही. तो कुंभार आहे. चाक फिरते तोवर घर चालते, आणि मुलांची संख्या मात्र मिळकतीला न जुमानता वाढत राहते.

कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला होता. प्रचाराच्या या विषयावर कलाकृती रचणे म्हणजे विस्तव हातात घेणे. बहुतेक प्रचारपट आधी उपदेश लिहितात आणि नंतर माणसे शोधतात. माडगूळकरांनी कुंभारवाड्यातील माणसे आधी उभी केली. मातीला आकार देणाऱ्याला स्वतःच्या प्रपंचाला आकार देता येत नाही, हा विरोध त्यांनी व्यवसायातूनच काढला. संतपरंपरेतील गोरा कुंभार प्रेक्षकाच्या मनात आधीपासून होता. त्या पुण्यस्मृतीशेजारी स्वतंत्र भारतातील दरिद्री कुंभार येऊन उभा राहतो आणि भक्ती जेथे थांबते तेथून अर्थकारण सुरू होते. बलुतेदारी मोडकळीस आलेल्या गावात कारागिराचे काय होणार, हा प्रश्न चित्रपटाने कुटुंबनियोजनाच्या संदेशाहून अधिक खोलवर पोहोचवला. मुलांच्या संख्येला दोष देताना मडक्याच्या घटत्या मोलाकडेही त्याने लक्ष वेधले.

८. न लिहिलेले प्रकरण

माडगूळकरांच्या ग्रामीण आणि कौटुंबिक पटकथांचा विचार त्यांच्या मौनाचा विचार केल्यावाचून पुरा होत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली आणि पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. माणदेशातील खेडीही या वणव्यातून सुटली नाहीत. व्यंकटेश माडगूळकर यांनी पुढे १९६४ मध्ये 'वावटळ' ही कादंबरी लिहून तो अनुभव मराठी साहित्यात आणला. गावात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलेली माणसे एका रात्रीत परस्परांना अनोळखी होतात, याचे ते संयत चित्रण आहे.

थोरल्या बंधूंच्या ज्या पटकथांवर त्यांची कीर्ती उभी आहे, त्यांत मात्र हा वणवा विषय म्हणून येत नाही. घर जळण्याचा अनुभव ज्या समाजाने आणि ज्या भागाने घेतला, त्याच भागाच्या पटकथाकाराने पुढील वर्षांत घर सावरण्याच्या कथा एकामागून एक लिहाव्यात, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. या मौनाचा एक अर्थ व्यवसायाच्या मर्यादांत सापडतो. चित्रपट सर्व जातींच्या प्रेक्षकांवर जगतो, त्याला परीक्षणमंडळाची परवानगी लागते आणि ताजी जखम उघडी करणे निर्मात्याला परवडत नाही. परंतु हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. माडगूळकरांचा कथाविचारच समेटाकडे झुकलेला होता. कीर्तनाचा शेवट आरतीत व्हावा तसा त्यांच्या कथांचा शेवट पुनर्मीलनात किंवा पश्चात्तापात होतो. १९४८ च्या घटनेला असा शेवट लावता येत नव्हता.

याच समेटवृत्तीमुळे त्यांच्या पटकथांना दुसरीही मर्यादा पडली. घर टिकते ते बहुधा स्त्रीच्या सोसण्यावर. 'सुवासिनी' (१९६१) सारख्या चित्रपटात पत्नीची निष्ठा हेच मूल्य सर्वोच्च ठरते. त्या निष्ठेची किंमत विचारण्याचे धैर्य कथा दाखवत नाही. जातीचा प्रश्न दामाजीच्या कथेसारख्या भक्तिरूपकातून येतो, पण गावकुसाबाहेरचे घर कथेच्या केंद्रस्थानी क्वचितच येते. १९६० नंतर दलित आणि ग्रामीण साहित्याने जे गाव दाखवले, त्या गावाची ओळख या पटकथांना झाली नाही. 'प्रपंच'मध्ये त्यांनी कारागिराच्या घरापर्यंत पाऊल टाकले. पुढचे पाऊल टाकण्याचे काम इतरांनी केले.

तरीही मौनाचा एक दुसरा पैलू उरतो. सूडाची कथा लिहिण्याची संधी आणि कारण दोन्ही असताना या लेखकाने ती लिहिली नाही. १९५७ मध्ये तो लिहितो ती खुनी माणसांवर विश्वास टाकणाऱ्या माणसाची कथा, आणि तिची भूमी असते त्याचाच आटपाडी महाल. 'वावटळ'मध्ये व्यंकटेशांनी जे घडले ते सांगितले. गजाननरावांनी त्या मातीत काय घडू शकते ते सांगितले. वाङ्मयीन धैर्याच्या दृष्टीने पहिल्याचे पारडे जड आहे. परंतु एकाच घरातून, एकाच आघातानंतर निघालेले हे दोन मार्ग परस्परांना छेद देत नाहीत. त्यांना एकत्र वाचले तरच युद्धोत्तर माणदेशाचे चित्र पूर्ण होते.

९. उत्तरकाळ आणि मूल्यमापन

साठीच्या दशकात माडगूळकरांची कीर्ती शिखरावर होती. पुण्याच्या मुंबई रस्त्यावरील 'पंचवटी' हे त्यांचे निवासस्थान नातलग, मित्र आणि निर्माते यांनी गजबजलेले असे. १९६२ पासून काही वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य होते. १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७३ च्या यवतमाळ येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मात्र चित्रपटाचे स्वरूप बदलत होते. कृष्णधवल कौटुंबिक चित्रपटाची जागा रंगीत चित्रपट घेत होता, द्वयर्थी विनोदाला भाव येत होता आणि राजा परांजपे यांच्या चित्रपटांची सद्दी संपत आली होती. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात माडगूळकरांचे निधन झाले.

त्यांच्या पटकथांचे महत्त्व तीन बाबींत सांगता येईल. पहिली, युद्धोत्तर आर्थिक आणि सामाजिक उलथापालथीचा हिशोब त्यांनी राजकीय घोषणांतून न मांडता स्वयंपाकघर, ओसरी आणि भाड्याची खोली यांतून मांडला. दुसरी, मराठी चित्रपटाला त्यांनी देशी कथनरीतीचा पाया दिला. कीर्तन, लावणी आणि ओवी यांतून आलेल्या रीतींना त्यांनी आधुनिक सामाजिक आशयाचे वाहन केले. तिसरी, शहरात आलेल्या ग्रामीण माणसाला त्यांनी त्याचे गाव परत दिले, हास्यास्पद न करता आणि पूजनीयही न करता. या तिन्ही बाबींना समेटाच्या ओढीची मर्यादा आहे. ती मान्य केल्याने त्यांचे मोल उणे होत नाही.

पदव्युत्तर वर्गांतून माडगूळकरांची गीते शिकवली जातात, त्यांच्या कथांचाही उल्लेख होतो. 'ऊन पाऊस' आणि 'प्रपंच' या चित्रपटांना मात्र 'माणदेशी माणसे' किंवा 'बनगरवाडी' यांच्या शेजारी बसवण्याची प्रथा पडलेली नाही. मराठी ग्रामीण वास्तवाचा इतिहास छापील पानांपुरता मानला तर या उणिवेने काही बिघडत नाही. पण १९५० च्या दशकात अक्षरओळख नसलेल्या हजारो प्रेक्षकांनी आपल्या मोडत्या घराचे पहिले चित्र पुस्तकात वाचले नव्हते. तंबूत आणि थिएटरात बसून पडद्यावर पाहिले होते. ते चित्र ज्याने लिहिले त्याला लेखक म्हणून वाचल्याखेरीज त्या काळच्या मराठी साहित्याचा हिशोब पुरा होत नाही.